दाऊदची जोड

माणसाला नावाचे बळ लाभत नाही, असे आपण म्हणता. मग ही हकीकत ऐकाच. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास मुरुमच्या जत्रेत आमच्या दाऊदची जोड गुलबर्ग्याकडील एका पैलवानाशी लागली. तो पैलवान अंगाने दाऊदच्या दीडपट. शिवाय दाऊदच्या वडिलांनी बजावले होते, "आज हारला तर तालीम बंद. मचाणावर बसून ज्वारीची पाखरं हाकायची."

मी धीर देण्यास गेलो. म्हणालो, "दाऊद हे मुळात प्राचीन हिब्रू नाव आहे. ख्रिस्ती लोक त्यालाच दावीद म्हणतात. त्या नावाच्या एका कोवळ्या मेंढपाळाने महाकाय योद्धा लोळवला आणि पुढे तो राजा झाला."

"कशानं लोळवला, काका?"

"गोफणीने."

"गोफण मचाणावर ऱ्हायली. इथं निस्ता लंगोट हाय!"

"असू दे. तो योद्धा बढाया मारीत होता, तेव्हा हा थांबला नाही. धावत अंगावर गेला. तेवढे ध्यानात ठेव."

सलामी झाली. तो पैलवान लोकांकडे पाहत मांड्या थोपटू लागला. दाऊदने त्याच क्षणी वाकून त्याच्या पायांना मिठी घातली, आणि तो प्रचंड देह पाठीवर आडवा झाला! फेटे आभाळात उडाले. दाऊदला खांद्यावर घेऊन प्रथम नाचले ते त्याचे वडील.

हरलेल्याचा वृद्ध उस्ताद पुढे आला. "बेटे, नाम क्या है तेरा?"

"दाऊद."

उस्तादाने कपाळावर हात मारला आणि तो आपल्या पैलवानाकडे वळला.

"अरे, जोड लगाने से पहले नाम तो पूछ लेता!"