दोन मीटरची खाच

नाव : झुलीखा, बशीर बेनमन्सूर यांची विधवा. वय : ५८. धंदा : लग्नघरी बायकांच्या खोलीत फोटो काढणे. राहणार : बाब झीरजवळ, तिलिम्सान. दिनांक ९ ऑगस्ट १९८८, सकाळी साडेदहा.

मी स्वतः चौकीत हजर राहून जबाब देते की, माझी तक्रार कॅमेरे दुरुस्त करणारा गौती बेन्दिमराद याच्याविरुद्ध आहे. मला भांडणाची हौस नाही, पण या माणसाने माझं नाव मातीत घातलं.

माझ्याकडे नवऱ्याने घेतलेली, हाताने फोकस करायची लेन्स आहे. सगळी पितळेची, वजन अर्ध्या किलोच्या वर. बावीस वर्षांत एकदा जिन्यावरून पडली, तर टवका पायरीचा गेला. अंधाऱ्या खोलीतही तिला फ्लॅश लागत नाही, त्यामुळे नवरीचे मोती पांढरेफटक येत नाहीत. मात्र उजेडासाठी पूर्ण उघडली की जेमतेम चार बोटं जागा स्पष्ट येते. नाक साधलं तर कान गेले. म्हणून तिची फोकस फिरवायची कडी जड होती हाच तिचा गुण. अंगठ्याने ठेवाल तिथे राहायची. दोन मीटरच्या जागी नवऱ्याने कडीला कानशीने खाच पाडून दिली होती.

जूनअखेर मी ती गौतीकडे फक्त काचेवरची बुरशी काढायला दिली. बाकी कशाला हात लावू नकोस, असं दोनदा बजावलं. या शहाण्याने न विचारता जुनं ग्रीस काढून पातळ भरलं आणि जोडताना कडी चुकीच्या आट्यावर बसवली. आता ती फुंकर मारली तरी फिरते. खाच जागेवर आहे, पण दोन मीटर तिथे राहिले नाहीत.

१४ जुलैला लल्ला बदिया यांच्या मुलीचं, विदादचं लग्न झालं. आमच्याकडे रोल संपला की तिथेच नवरीच्या आईच्या हातात द्यायचा, म्हणजे फोटो परक्या नजरेला पडत नाहीत. मीही पाहत नाही. मी तीन रोल दिले. पाचव्या दिवशी विदाद नवऱ्याबरोबर मार्सेयला गेली. मग फोटो धुऊन आले, ते सगळे धूसर. लल्ला बदियांनी हमामात पंधरा बायकांदेखत मला सुनावलं, "झुलीखा, माझ्या लेकीच्या लग्नात तू काय धुकं टिपायला आली होतीस?" त्याच आठवड्यात दोन घरांनी मला येऊ नका म्हणून निरोप धाडला.

मी गौतीच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "खाला, लोण्यासारखी फिरते बघ. आभार मानायचे सोडून भांडतेस?" मी म्हटलं, "लोणी हवं असतं तर गवळ्याकडे गेले असते." त्यावर म्हणतो कसा, "कॅमेऱ्यातून बघतेस ना? मग धूसर आहे ते दिसलं नाही तुला?" गिऱ्हाइकं हसली.

हाच प्रश्न इथे साहेबांनी विचारला. पुन्हा विचारल्यावरून सांगते की, तीन वर्षं झाली, मला कॅमेऱ्यातून नुसते रंग दिसतात. नवरीच्या खुर्चीपासून मी तीन पावलं मोजून उभी राहते आणि अंगठा खाचेत ठेवते. अशी चाळीस लग्नं केली. एका आईची तक्रार नाही.

साहेब म्हणाले, "खाला, हे कागदावर आलं तर गावभर होईल. गाळू का?" मी म्हटलं, "गाळलंत तर तो सुटतो आणि चूक माझी ठरते. लिहा."

हा जबाब शिपायाने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे. सही कुठे करायची ते त्याने माझं बोट धरून दाखवलं, तिथे मी सही केली आहे.