ओळख देणाऱ्याची सही

— बोचकं. पहिल्यांदा खटकलं ते बोचकंच, दुसरं काही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सुलेखाताई, नाहीतर हे मी अजून घरीसुद्धा बोललेले नाही. बसा ना, खाटेवरच बसा, सात नंबर, आजपासून तुमचीच — म्हणजे तशी तुमचीच. तुमचं म्हणणं बरोबर आहे, सगळा फॉर्म भरला आणि शेवटचा एक रकाना मी सोडला. ओळख देणाऱ्याची सही. तो भला माणूस गेटपाशी उभाच आहे सही द्यायला, दिसतोय मला इथून. स्कूटीवरून उतरला नाही अजून. कुठं भेटला तुम्हाला? स्टँडवर. चहा पाजला, निवाऱ्याचा पत्ता सांगितला, वर आणून सोडलं. बरं. चांगलं केलं. चांगलीच माणसं असतात हो पहिल्यांदा.

तर बोचकं. तुमच्या आधी या खाटेवर अंबिका होती. पैठणकडची, मेंढरामागं वाढलेली. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला शहरात आणून सोडलं. क्रांती चौकात पुलाखाली आठ महिने काढले तिनं. एकतीस वर्षांची धडधाकट बाई, पण इथं आल्यावरही एक डोळा उघडा ठेवून झोपायची. दर रविवारी दुपारी ती इंद्रजीतबरोबर फिरायला जायची — कोण इंद्रजीत ते सांगते — केस विंचरायची, पावडर लावायची, आणि बोचकं उचलायची. सगळंच्या सगळं. दोन साड्या, ताट, गोधडी, खंडोबाचा टाक. मी म्हणायचे, अगं, बाग बघायला चाललीस का बिऱ्हाड हलवायला? ती हसायची. "असू द्या ताई, जड नाय." आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसाला भेटायला जाणारी बाई गोधडी घेऊन जाते का? परत येऊ अशी खात्री असलेली? मला खटकलं. खटकलं, आणि मी चहा घ्यायला गेले.

इंद्रजीत वाळूजला कंपनीत सुपरवायझर. शनिवारी मित्रांबरोबर इथं खिचडी वाटायला यायचा. इस्त्रीचा शर्ट, "मॅडम, काही लागलं तर सांगा." अंबिकाकडे ना आधार, ना गावाकडचं कुणी ओळखीचं, आणि हा रकाना तर दर महिन्याला नव्यानं भरायचा. मग मीच त्याला विचारलं. मीच. त्यानं उभ्याउभ्या सही केली. पुढं पुढं तो तिची चौकशी करायला लागला, तिच्या पानात जरा जास्त वाढायला लागला, आणि मला — खोटं कशाला बोलू — छान वाटलं. दोन एकटी माणसं. मी तिला माझा निळा ड्रेस दिला. ज्याच्या सहीवर हिची खाट टेकलीय त्याच्याच खोलीवर ही चाललीय, हे दोन्ही माझ्या डोळ्यासमोर होतं, पण एका वेळी एकच दिसायचं.

नाही, तसं समजू नका. ज्याला घर नाही त्यानं जीव लावूच नये असं कुठं म्हणतेय मी? पलीकडच्या हॉलमधले त्रिंबककाका आणि आपल्या चंपाबाई बघाल तुम्ही. दोघंही रस्त्यावरचेच, पन्नाशी उलटल्यावर इथं जमलं. काय भांडतात. चंपाबाई म्हणतात, "मुडद्या, तोंड दाखवू नको," आणि दोन दिवस बोलत नाहीत — आणि तरी त्यांची खाट जागच्या जागी असते. भांडता येतं त्यांना. अंबिका इंद्रजीतशी कधी भांडली नाही. एकदासुद्धा नाही. मला वाटायचं, किती समजूतदार.

मागच्या महिन्यात ती या टेबलापाशी आली. म्हणाली, "ताई, नाय म्हणलं तर?" कशाला? "खोलीवर जायाला. तो काई वापरत नाय. मी म्हणलं दोघं बी दवाखान्यात जाऊ, तपासून घिऊ, तर हसला. म्हणला, पुलाखाली तू होतीस, मी कशाला तपासू." हे ती असं सांगत होती, जसं काही चूक तिचीच. आणि मी — मी म्हणाले, चांगला माणूस आहे गं, जरा जुळवून घे. आणि महिनाअखेर होती, फॉर्म समोर होता, फॉर्म होता म्हणूनच हो, वर हेही म्हणाले, त्यानं सही नाही दिली तर मी काय करू? धमकी नव्हती ती. नियम सांगितला. नियम हळू आवाजातच सांगतात ना? तिनं मान हलवली. रविवारी बोचकं उचललं.

— कोण आहे? नाही, दारच आपटलं. वारा. मला असं दचकायला होतं हल्ली.

मागच्या रविवारी गेली ती आलीच नाही. आज गुरुवार. तीन दिवस खाट रिकामी राहिली की दुसऱ्याला द्यायची, म्हणून तुम्ही बसलात तिथं. तुमचा काय दोष? वहीत लिहावं लागतं कारण. मी लिहिलं, स्वेच्छेनं गेली. हे बघा, माझंच अक्षर. पोलिसात का नाही गेले? जाणार आहे. जाणारच आहे. पण पहिलं हेच विचारतील ना, की सज्ञान बाई स्वतःहून गेली असं तुम्हीच लिहिलंय, तुम्हाला कसं कळलं? कसं कळलं मला? मी होते का त्या खोलीत?

आणि खरं सांगू, ते नियमाचंही — काल मी बिभीषण सरांना फोन केला. आमच्या संस्थेचे कागद तेच बघतात. विचारलं, तो ओळखीचा रकाना भरलाच पाहिजे का. ते हसायला लागले. "अहो विशाखा मॅडम, घाईत भाडेकरूचा फॉर्म झेरॉक्स केला होता मी, वरचं नाव तेवढं बदललं. ज्याला ओळख देणारं कुणी नाही, त्याच्यासाठीच तर निवारा." तीन वर्षं मी तो रकाना भरून घेतेय. कुणी मागितला नव्हता. तपासणीला कुणी आलं आणि कोरा दिसला तर, एवढीच भीती. मला कोरा रकाना बघवत नाही, परीक्षेतसुद्धा येत नसलेल्या प्रश्नापुढं काहीतरी लिहून यायचे मी.

म्हणून तुमचा सोडला. त्या माणसाला मी सांगते, सही लागत नाही, निघा तुम्ही. उद्या तुम्हाला त्याच्याबरोबर चहाला जायचं असेल तर जा, नसेल जायचं तर तोंडावर नाही म्हणा. बोचकं इथंच ठेवून जा. खाट कुठंही जात नाही. माझा शब्द आहे.

थांबा, एकदा परत लावते. इंद्रजीतचा फोन बंदच आहे चार दिवस. हिचा वाजतो. माझाच जुना फोन दिला होता तिला, सकाळपासून बारा वेळा लावला, वाजतो आणि आपोआप कट होतो. निदान चार्जिंग तर असेल कुठंतरी — असा विचार करते मी. वाजतोय. बघा, वाजतोय —

उचलला.

हॅलो? अंबिका? अंबिका, मी विशाखाताई. गाड्यांचा आवाज येतोय, कुठं आहेस तू? पुलाखाली? कधीपासून? — रडू नको, ऐक, सही नको आता, त्याची नको, कुणाचीच नको, तू फक्त ये. रिक्षानं ये, मी गेटवर थांबते. — काय? मोठ्यानं बोल. खाट? —