दंडावरचा पट्टा

लातूरच्या हार्टच्या दवाखान्यात शिवांगी नंबर लावून बसली होती, अन् मागच्या बाकावर उदगीरचे माणिकप्पा अन् लोह्याच्या सिंधुबाई गप्पांत असे रंगले होते की तिनं मोबाईलच खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणतेत, आठ दिवस मनगटाला मशीनचा पट्टा बांधा. मी बांगड्या उतरवत न्हाई आप्पा."

"माझ्या लेकीचा पहिला पट्टा असाच वाया गेला अक्का. प्रोफेसर हाय अक्षरा, अंगावर बांधायची मशीनं बनवती. गावात चाळीस बायांना वाटले, आठ दिवसांत सगळे परत."

"येणारच की."

"तिच्या आईनं विचारलं, तुमच्या कालेजात कुणी हातभर बांगड्या घालतंय का? बाया ताईत कुठं बांधतेत, ते बघ आधी."

"दंडाला."

"हाव. दोन वर्षं झिजली पोरगी, पण पट्टा दंडावर चढवला. हे बघा."

"अगोबाई, बाहीत दिसत बी न्हाई. काय करतो हा?"

"ठोका चुकला की डॉक्टरच्या फोनवर खबर जाते. काल माझाच चुकला. मला पत्ता न्हाई, मी दुकानात गूळ जोखून राहिलो होतो."

"मग भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की. पण चुकलेला ठोका धरला कुणी, ते बघा ना. माझ्या लेकीच्या पट्ट्यानं."

"मी बी दंडाचाच मागते मग. बांधते."

तेवढ्यात सिस्टर आली. "आजोबा, फायलीवर नाव काय लिहू?"

"माणिकप्पा. अन् खाली लिहा, अक्षराचा बाप."