दुसरी वेलांटी

बाबा : ...आणि तो डबा हलवू नकोस, टर्पेंटाइन आहे त्यात. कधीची बघतेयस त्या भिंतीकडे? काही उगवलंय का तिथं?

लेक : ढग सरायची वाट बघत होते.

बाबा : माझ्या दुकानात?

लेक : सवय हो. तिकडे परदेशात, त्या डोंगरावरच्या शाळेत सकाळी ढग यायचा ना, खिडकीतून सरळ आत. आधी फळा जायचा, मग बाकं, मग माझे पाय. मुलं म्हणायची, बाई, हलू नका, तो जातो आपोआप. मग आम्ही सगळे नुसते बसून राहायचो. कुणी खोकलं तरी बरं वाटायचं.

बाबा : सव्वा महिना झाला तुला परत येऊन. कालच तुझ्या आईला म्हटलं, पोरगी आली, पण सामान यायचंय अजून. सोमवारी कॉलेज सुरू होतंय. तिथला फळा दिसेल ना?

लेक : दिसेल.

बाबा : मग झालंय काय? सकाळी मोबाइल बघितल्यापासून चेहरा उतरलाय. मला बनवू नकोस. तीस वर्षं पाट्या रंगवतोय, वाचता येतं मला.

लेक : मोठ्या बाईंचा निरोप आलाय. तिकडच्या मुख्याध्यापिका. माझ्या वर्गातल्या एका मुलीला पुन्हा त्याच वर्गात बसवलंय. एक्केचाळीस दिवस गैरहजर म्हणून.

बाबा : आजारी असेल बिचारी.

लेक : एकही दिवस आजारी नव्हती. रोज यायची. पहिल्या बाकावर बसायची.

बाबा : मग गैरहजर लावली कुणी?

लेक : मी.

बाबा : थांब. ब्रश ठेवतो. हं, आता सांग नीट.

लेक : ढग असला की तोंडं दिसायची नाहीत, म्हणून त्या दिवशीची हजेरी आवाजावर. आपला शब्द शिकवला होता मी त्यांना, 'हजर'. असा आवडला होता त्यांना! सगळं पांढरं, आणि त्यातून एकेक आवाज यायचा. खिडकीपाशी हजर, कोपऱ्यात हजर, अगदी माझ्या कोपराजवळ हजर. झोपेत ऐकू येतं अजून. तिचा तेवढा कधी आला नाही. मी नाव घेतलं की वर्ग हसायचा आणि ती गप्प.

बाबा : हसायचा का?

लेक : मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसतात. म्हणून मीही हसायचे त्यांच्याबरोबर. सांगायला लाज वाटते, बाबा. शेवटच्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं. तिच्या नावात दीर्घ आहे. दीर्घ म्हटलं की त्यांच्या भाषेत अर्थ होतो पहाट. ऱ्हस्व म्हटलं की शिळं अन्न.

बाबा : अगं बये! दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब बिचारा, हे चौथीत असताना या इथं बसवून शिकवलंय मी तुला! एका वेलांटीपायी अख्खी पाटी खरवडलेला माणूस मी, आणि माझी लेक वर्षभर एका पोरीला शिळं म्हणत होती?

लेक : ओरडा. अजून ओरडा.

बाबा : ओरडत नाहीये. पण ढग सरल्यावर दिसायची ना ती?

लेक : तेच तर. दिसायची. समोर, दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. तेव्हाच फुली खोडता आली असती. पण मला राग यायचा. म्हटलं, एवढी शेफारलीय, बाईंना ओ देत नाही म्हणजे काय! उत्तर नाही तर हजेरी नाही. तिच्याकडे बघत फुली तशीच ठेवली.

बाबा : आणि शेवटच्या दिवशी कळल्यावर?

लेक : गाडी येऊन उभी होती. मुलं हात सोडत नव्हती. सगळं इतकं गोड चाललं होतं, मला ते मोडवेना. तशीच चढले गाडीत.

बाबा : हं. तू निघालीस तेव्हा मी कुरकुरलो होतो. कॉलेजचं एक वर्ष फुकट जाईल म्हणून.

लेक : माझं नाही गेलं. मी हौसेनं एक वर्ष घेतलं आणि येताना तिचं एक घेऊन आले. पुढचे वर्ग नदीपलीकडच्या शाळेत, तिची मोठी बहीण तिथं जाते. यंदापासून दोघी एका होडीतून जाणार होत्या. वहीभर तेच चित्र काढायची ती, होडी आणि दोन वेणीवाल्या.

बाबा : मग लाव की फोन.

लेक : काय तोंडानं लावू? त्यांनी मला 'अत्यंत चोख काम' असं लिहून दिलंय.

बाबा : मी चुकलो की शिडी घेऊन भर बाजारात वर चढतो. खाली लोक उभे राहून हसतात. तुला तर कुणी बघणारही नाही.

लेक : आणि नाव पुन्हा चुकलं तर? चुकीचंच बसलंय तोंडात. दीर्घ म्हणायला गेले की जीभ आखडते.

बाबा : अक्षरं सांग मला. ही कोरी फळी घेतो. हं... हं... आता वेलांटी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच येऊन उभी राहते, घाईची मेली. दुसरीला थांबावं लागतं, अक्षर झाल्यावर यायचं. ही बघ, कशी निवांत उतरते. ब्रश उचलेपर्यंत तू आवाज सोडायचा नाही.

लेक : केवढी लांब काढलीत!

बाबा : असू दे. एक्केचाळीस वेळा राहिलीये ती. लाव आता.

लेक : त्या मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात. स्पीकरवर टाकते.

बाबा : मोडकंतोडकं ना? मग मला कळेल.

मोठ्या बाई : हॅलो? अरे, तुम्ही! मुलांनो, शांत. बोला, मी वर्गातच आहे. मोठा ढग आलाय, भिंत धरून उभी आहे.

लेक : बाई, ती एक्केचाळीस दिवसांची गैरहजेरी खोटी आहे. ती रोज वर्गात होती. मला दिसत होती.

मोठ्या बाई : खाली सही तुमची आहे.

लेक : सही माझीच. चूकही माझीच.

मोठ्या बाई : दुरुस्ती होईल. पलीकडच्या शाळेत आठवडाभर अजून नावं घेतात. पण कारण लिहावं लागतं, वरचे साहेब वाचतात. काय लिहू?

लेक : लिहा, शिक्षिकेला मुलीचं नाव घेता येत नव्हतं.

मोठ्या बाई : असंच? तुमच्या नावापुढे?

लेक : असंच.

मोठ्या बाई : मी दाराबाहेरून ऐकायची हो. वाटायचं, परक्या देशातून आल्या आहेत, कशाला दुखवा. माझंही चुकलं. लिहिते. पण तिला तुम्हीच हाक मारा. पहिल्या बाकावर असेल, मला दिसत नाही. फोन उंच धरते.

बाबा : फळीकडे बघ. घाई करू नकोस.

(लेक फळीवरचं नाव वाचते. सावकाश, वेलांटीच्या टोकापर्यंत. पलीकडे कुणी हसत नाही.)

लेक : बाबा, काहीच येत नाहीये.

बाबा : थांब गं. ढग आहे तिथं. यायला वेळ लागतो.

फोनमधला आवाज : हाजर.

लेक : बाबा!

बाबा : ऐकलं. एक काना जास्त घातला तिनं.

लेक : सांगू का तिला?

बाबा : हात लावशील तर बघ.