बरणीतल्या लाल बिया

ती खुर्ची नको सर, तिचा पाय मोडलाय, इकडे या — आणि तो तक्रारीच्या अर्जाचा लखोटा राहू दे जरा खिशात, आधी कट्टन चहा प्या. दूध नाहीये त्यात, वाचनालयाला गाय कुठली परवडायला! हां, तर मी काय सांगत होते, हा गोंगाट रोजचा नाही. फक्त शनिवारी, तीन ते पाच, बालवेदी असते तेव्हा, म्हणजे पोरांचं मंडळ. एकतीस पोरं आहेत. आज नाटकाची तालीम. तो डरकाळ्या फोडतोय ना, त्याला शेळीचं काम दिलंय, पण ऐकतोय कोण! आणि त्या कपाटांच्या पलीकडे, लांब बाकावर, सरकारी परीक्षांना बसणारी मंडळी — नऊ जण आहेत, मान वर करत नाहीत बिचारे. हॉल एकच. इकडे शेळी, तिकडे राज्यघटना. तुम्ही तालुक्याहून आलात ते हेच ठरवायला ना — शनिवार चालू ठेवायचा की बंद? ठरवा बाई, मला काय! तीस वर्षं ग्रंथपाल आहे मी इथं, मला दोन्ही सारखेच.

नाही, मी पोरांना मोकाट सोडलंय असं नका हं लिहू. ती बरणी दिसतेय का, पाण्याच्या मडक्याशेजारी? त्यात मंजाडीच्या बिया आहेत, लाल लाल, आमच्याकडे अंगणाअंगणात झाड असतं. शनिवारी तीनला चाळीस बिया मोजून टाकते. कुणी किंचाळलं की एक बी बाहेर. बरणी रिकामी झाली की बालवेदी खलास, पोरं घरी. पाच वर्षं चाललंय हे, आणि पाच वर्षांत ती मेली बरणी एकदाही रिकामी झालेली नाही! कशी होईल? पोरं खिशातून बिया आणून टाकतात, दुसरं काय. मी झडत्या घेतल्या, सर, खिसे उलटे केले — शेंगदाणे निघाले, भोवरा निघाला, एकाच्या खिशात जिवंत बेडूक. बी मात्र एक नाही. लबाड कुठले!

पण आज मी नजर ठेवून आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुम्हीच बघा ना — सात राहिल्यात. ए अभिरामी, टेबलावरून खाली उतर! — सहा. पाचच्या आत रिकामी होणार, मग तुम्ही खुशाल लिहा, बालवेदी बंद. पोरांना वाईट वाटेल, मलाही वाटेल, कधी नव्हे ते गावात पोरं पुस्तकाला हात लावतात. पण परीक्षावाल्यांचंही बघायला हवं की. अर्ज करणाऱ्यानं काय चूक लिहिलंय? 'एका पिढीच्या खेळापायी दुसरीच्या तोंडचा घास जातोय' — अगदी खरं आहे ते.

काय?

अगंबाई. तुम्ही अजून लखोटा उघडलाच नाहीये.

बरं, मीच लिहिला. डाव्या हातानं लिहिला, अक्षर ओळखू नये म्हणून. हसू नका. ती खिडकीजवळ हिरव्या चुडीदारातली दिसते ना, ती प्रजिता, माझी मुलगी. गेल्या खेपेला यादीत चारशे बारावी आली. तीनशे सत्त्याण्णवपर्यंत नेमणुका झाल्या आणि यादीची मुदत संपली. पंधरा माणसांनी गेली हो नोकरी! यंदा शेवटची संधी, पुढच्या वर्षी वय उलटतं. आणि तिच्या कानाशी ही शेळी डरकाळ्या फोडणार? आईचा जीव आहे सर, किती दिवस 'दोन्ही सारखेच' म्हणू? मी तिला विचारलं होतं, बाई, बंद करू का बालवेदी? तर म्हणते, 'नको अम्मा, एकदम शांत झालं की मला परीक्षेचा हॉल आठवतो, एकच ओळ दहादा वाचत बसते. पोरं ओरडत असली की कसं घरात बसल्यासारखं वाटतं.' बालवेदी बंद पडली तर माझ्या नोकरीवर गदा येईल म्हणून बोलत होती, मला काय कळत नाही? — चार. बघा, चारच राहिल्या.

ती उठली. पाणी प्यायला उठली असेल. बघा ना, डोळे कसे खोल गेलेत. सकाळपासून पोटात नुसती पेज आहे. पेला राहिला बाजूला, ही बरणीचं झाकण का —

...

मूठभर टाकल्या, सर. मूठभर! आमच्या विहिरीजवळच्या झाडाच्या असणार, रोज सकाळी वेचत असते ती, मला वाटायचं माळ करतेय. पाच वर्षं मी पोरांचे खिसे उलटे करतेय आणि चोर माझ्याच घरात जेवतोय. खरंच सांगत होती की मग ती. आणि मी काय लिहून बसले डाव्या हातानं!

तो अर्ज द्या इकडे. द्या हो. मागे घेतला म्हणून लिहा. कुणी घेतला? नाव कुठं होतं त्याच्यावर! लिहा, बालवेदी चालू, बरणी भरलेली. बरं, चहा संपला ना? पाच-दहाची बस गाठा आता, पुढची साडेसातला. आणि सर, जाताना दार जरा हळू लावा — माझी मुलगी अभ्यास करतेय.