सासरे अजून येतात

ओमेर : पाय वर कर. अजून वर. हां, आता घाल बादलीत.

वानेस : आई गं! बाबा, उकळतंय हे!

ओमेर : कोमट आहे. तुझे पाय मेलेत म्हणून भाजतंय. सरक जरा, मलाही टेकू दे डिकीवर. शर्यतीत शेवटच्या चढावर उतरला का नाहीस? सगळे सायकल खांद्यावर टाकून पळत होते आणि तू आपला रुतेपर्यंत पेडल मारतोयस.

वानेस : वाटलं, चढेल.

ओमेर : वाटलं! डुकरांचं खत घातलेलं शेत ते. बैल रुतला असता.

वानेस : शेवटून तिसरा आलो ना पण.

ओमेर : तुझ्या मागे एक जण होता तो लंगडत होता, आणि दुसरा मधेच थांबून ओकत होता. मोठा पराक्रम.

वानेस : आठवडाभर कारखान्यात गोठवलेले वाटाणे उपसायचे आणि सुट्टीत इथं येऊन स्वतः गोठायचं. डोकं फिरलंय माझं, दुसरं काय.

ओमेर : ते मला तू मुलगी मागायला आलास तेव्हाच कळलं होतं. सायकलवर आला होतास, पावसात. तुझ्या सासूनं खुर्चीवर आधी वर्तमानपत्र घातलं, मग तुला बसवलं.

वानेस : तंबूतला बिअरवाला मघाशी विचारत होता, तुझे सासरे अजून येतात का म्हणून.

ओमेर : काय सांगितलंस?

वानेस : म्हटलं, बायको सोडून गेली, सासरे राहिले. हसला खूप. मग त्याला कसंतरी वाटलं बहुतेक, ग्लासचे पैसे घेतले नाहीत.

ओमेर : गावाला दुसरा उद्योग नाही.

वानेस : उद्याच्या शर्यतीचं बोला. रात्री पारा उतरणार म्हणतात. नदीकाठचं मैदान आहे, आज शाळकरी पोरांच्या शर्यती झाल्यात त्यावर. चाकांच्या चाकोऱ्या सकाळी दगडासारख्या होतील. टायरमध्ये हवा जरा जास्त ठेवू?

ओमेर : ठेव.

वानेस : ठेव? नुसतं ठेव?

ओमेर : मग काय म्हणू?

वानेस : हवेवरून तुम्ही भांडला नाहीत असं आजवर झालेलं नाही. काय बिनसलंय?

ओमेर : उद्या दुपारी पोरीकडे, वेर्लेकडे जेवण आहे. तिच्या ड्रिसचे आईवडील यायचेत.

वानेस : लग्न करताहेत?

ओमेर : लग्न नाही.

वानेस : बाबा, माझे पाय बादलीत आहेत, मी काही पळून जात नाही. बोला.

ओमेर : तिला दिवस गेलेत.

(शेजारची गाडी सुरू होते. ती चिखलातून बाहेर निघते.)

ओमेर : गावातून कानावर जायच्या आत तुम्ही सांगा, म्हणाली. गुरुवारपासून घशात अडकलंय माझ्या. सकाळी सांगणार होतो. पण तू पायांना तेल चोळताना शीळ घालत होतास.

वानेस : तो ब्रश द्या इकडे.

ओमेर : राहू दे, सायकल मी धुतो.

वानेस : द्या हो. कितवा?

ओमेर : पाचवा लागलाय.

वानेस : पाचवा. आमचं तिसऱ्याच्या पुढं कधी गेलंच नाही. दोन्ही वेळा. पाचव्यात आतून हलायला लागतं म्हणतात. हलतं का?

ओमेर : असलं मी कसं विचारू तिला?

वानेस : विचारा की. आजोबा ना तुम्ही? म्हणजे खोट माझ्यात होती तर.

ओमेर : डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, कोणात काही खोट नाही.

वानेस : आम्ही दोघं समोर बसलो होतो. तो आणखी काय सांगणार होता?

ओमेर : ब्रश ठेव आता. त्या भागाला चिखल नाहीये, रंग निघेल. हे बघ, उद्या मी तुझ्याकडे येतोय. नेहमीसारखा. त्यांचं जेवण माझ्यावाचून अडत नाही.

वानेस : असं करू नका, बाबा. तिथं जा.

ओमेर : मी कुठं जायचं ते मला कळतं.

* * *

वानेस : हॅलो, बाबा? निघाला नाहीत ना?

ओमेर : बूट घालतोय.

वानेस : काढा मग. मला ताप भरलाय. आज काही शर्यत होत नाही माझ्याच्यानं.

ओमेर : आवाज तर ठणठणीत आहे.

वानेस : आवाजाला नाही, अंगाला आहे ताप. कालच्या चिखलानं धरलं असेल.

ओमेर : येऊ का बघायला? सूप आणतो.

वानेस : नको, झोपतो. तुम्ही वेर्लेकडे जा. जाल ना?

ओमेर : जातो. आता जावंच लागेल.

वानेस : आणि बाबा, तो निळा स्वेटर घाला. बाकीच्यांना सायकलच्या तेलाचे डाग आहेत.

* * *

वेर्ले : दार लावा, बाबा. स्वयंपाकघरात बोलवलं, कारण तिकडं सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं. सशाचं मटण गार झालं तुमचं. आवडतं म्हणून केलं होतं, आलुबुखार घालून.

ओमेर : खातो गं.

वेर्ले : ड्रिसच्या वडिलांनी ग्लास उचलला, होणाऱ्या आजोबांच्या नावानं म्हणाले, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघताय.

ओमेर : ऊन पडलं का ते बघत होतो. ऊन पडलं की गोठलेली वरची माती सुटते, आणि मग...

वेर्ले : तो तिथंच आहे, बाबा.

ओमेर : कोण?

वेर्ले : वानेस. ड्रिसचा भाऊ शर्यत बघायला गेलाय, त्याचा आत्ता फोन आला. म्हणाला, तुझा आधीचा नवरा एकटाच धावतोय, मदतीला कोणी नाही.

ओमेर : त्याला ताप आहे.

वेर्ले : त्याला काही झालेलं नाही. तुम्ही इथं यावं म्हणून खोटं बोलला तो. तेवढा चांगला तो होताच कायम. कोट कुठं शोधताय? बसा.

ओमेर : अर्ध्या तासात पोचेन. दर फेरीला चिखलाची सायकल घेऊन धुतलेली द्यायला कोणी नसलं तर साखळीत गवत अडकून...

वेर्ले : बाबा, दुसऱ्या वेळी मला रक्त जायला लागलं तो रविवार आठवतो का तुम्हाला?

ओमेर : आठवतो.

वेर्ले : मी सोफ्यावर पडून होते. गाडी आल्याचा आवाज आला. म्हटलं, आले. मग पाण्याचा आवाज. तुम्ही दोघं अंगणात सायकली धूत होतात. दोन्ही धुवून, पुसून, मग आत आलात.

ओमेर : आम्हाला माहीत नव्हतं, पोरी.

वेर्ले : माहीत नव्हतंच. मी हाकही मारली नाही. ऐकत पडले होते नुसती. तुम्ही दोघं कसल्या तरी गोष्टीवर हसत होतात. त्याच दिवशी मला कळलं, या घरात मी राहू शकणार नाही. त्याच्यावर राग नव्हता. अजून नाही.

ओमेर : आणि माझ्यावर?

वेर्ले : तुम्ही आज उठून गेलात तर येईल.

ओमेर : ताट गरम करून देशील का?

वेर्ले : द्या इकडं.

* * *

ओमेर : ताप उतरला वाटतं.

वानेस : बाबा! जेवण एवढ्यात आटोपलं?

ओमेर : कॉफीपर्यंत थांबलो. अंगणातला दिवा लावता येत नाही का? काय धुतोयस ते तुला तरी दिसतंय का? गुडघ्याला काय झालं?

वानेस : वळणावर पडलो. बर्फाळ चाकोरीत चाक गेलं की काढता येत नाही. हवा जास्त झाली होती.

ओमेर : बोललो असतो मी.

वानेस : म्हणूनच विचारलं होतं काल. कोणी सांगितलं तुम्हाला?

ओमेर : ड्रिसच्या भावानं बघितलं. कितवा आलास?

वानेस : पूर्णच नाही केली. दुसरी सायकल मी बदलायच्या जागी दोरीला टेकवून ठेवली होती. एकदा बदलली, जमलं. पुढच्या फेरीला ही चिखलानं जाम झाली. अर्धी फेरी खांद्यावर घेऊन पळत आलो, तर पहिली तिथंच आडवी पडलेली, मी टाकली त्या जागी, जशीच्या तशी. ती कोण धुणार होतं? हे मला माहीत होतं, बाबा. तरी सवयीनं मी सायकल पुढं केली आणि जोरात ओरडलो, “बाबा, सायकल!” तिथं चार-पाच जणांचे बाप उभे होते. सगळ्यांनी वळून बघितलं.

ओमेर : मग?

वानेस : मग काय, सायकल खाली ठेवली आणि दोरीखालून बाहेर आलो. एकानं थर्मासमधली कॉफी दिली. कोण होता माहीत नाही. वेर्ले कशी आहे?

ओमेर : बरी आहे. हलतं म्हणाली. निघताना विचारलं मी.

वानेस : बरं झालं.

ओमेर : त्या रविवारचं सांगितलं तिनं. आपण इथं सायकली धूत होतो आणि ती आत...

वानेस : मला सांगितलंय तिनं. जायच्या आधी.

ओमेर : मला कधी बोलली नाही.

वानेस : तुमच्यावर तिचा जीव आहे. बाबा, रविवारी जात जा तिच्याकडं.

ओमेर : तेच सांगायला आलो होतो. रविवारी तिच्याकडं जाईन. शनिवारी तुझ्याकडं येतो. शनिवार काही कोणी मागितलेला नाही.

वानेस : शनिवारीही येऊ नका.

ओमेर : का रे? मी काय केलं?

वानेस : तुम्ही काहीच केलं नाही. तुमची गाडी फाटकात आली की मी अजून दुसऱ्या बाजूचं दार उघडायची वाट बघतो. तुम्ही उतरता, बादली काढता, काहीतरी बोलत असता, आणि माझं लक्ष त्या दाराकडं. दर शनिवारी. ती गेली त्याला दोन वर्षं झाली, बाबा. काल तुम्ही सांगितलंत, त्याच्या आधी सकाळीसुद्धा बघितलं होतं मी.

ओमेर : मला वाटायचं, तुला बरं वाटतं मी आलो की.

वानेस : वाटतं ना. तेच तर.

ओमेर : खरं सांगू? मी काही तुझ्यावर उपकार करायला येत नव्हतो. तुझी सासू गेल्यापासून घरात एक रेडिओ तेवढा बोलतो. इथं निदान कोणी माझ्यावर ओरडत होतं.

वानेस : वेर्लेकडं थोड्या दिवसांत ओरडायला लागेल कोणीतरी.

ओमेर : तिथं मी पाहुणा आहे. ड्रिसची आई मला साखर किती म्हणून विचारते.

वानेस : एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा नाही विचारणार.

ओमेर : आणि तू? सोडणार का शर्यती?

वानेस : माहीत नाही. पुढच्या शनिवारी उठलो की बघेन, पाय कुठं नेतात ते.

ओमेर : साखळी कोरडी करून तेल लाव. ओली ठेवलीस तर सकाळी गंज धरेल.

वानेस : लावतो.

ओमेर : मागच्या ब्रेकची तारही...

वानेस : बाबा.

ओमेर : जातो. जातो रे. हात मिळवायचं राहू दे, ओले आहेत तुझे.

वानेस : सावकाश चालवा. पुलावर बर्फ धरलं असेल.