फुलीचा स्क्रू

एव्हिस : पण चिठ्ठीवरचं अक्षर ओळखेल ना गं तो तुझं.

थेल्मा : डाव्या हाताने लिहिलीय. ती सँडविचं झाक आधी, कोरडी पडतायत.

एव्हिस : डाव्या हाताने. सत्तरीला टेकलेल्या बाईने. आणि टाकलीससुद्धा डब्यात?

थेल्मा : बिस्किटांच्या डब्यात, इतरांच्या प्रश्नांबरोबर. दरवर्षी भाषण झालं की नेव्हिल पार्जिटर डोळे मिटून त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढतो. म्हणून मी आठ टाकल्यात.

एव्हिस : आठ?

थेल्मा : आठांवर एकच प्रश्न. 'दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी काढून तिची आतली बाजू दाखवाल का?'

एव्हिस : अगं, बाहेर चाळीस माणसं बसलीयत. तो हॅरोगेटचा बडा संग्राहक पहिल्या रांगेत आहे. पाच हजार पौंड देणार म्हणे तो नेव्हिलला या रायफलीचे. त्याच्यादेखत?

थेल्मा : त्याच्याचदेखत. माझ्या नवऱ्याची, बर्नार्डची, ती आधीची रायफल नेव्हिलने हिसकावून घेतली तेव्हा चारशे माणसं होती. मी एक शून्य सोडून दिलंय.

एव्हिस : बर्नार्ड माझा सख्खा भाऊ. मला राग नाही का? पण अकरा वर्षं झाली त्या गोष्टीला.

थेल्मा : त्या दिवसाला अकरा वर्षं झाली. पुढे रोज होतच होती की ती गोष्ट. उन्हाळ्याची जत्रा, क्लबची मंडळी सैनिकांच्या वेशात रांगेत उभी, आणि हा नेव्हिल ती रायफल डोक्यावर धरून ओरडतो, 'बघा, सन त्रेचाळीसची इंग्लिश रायफल, आणि तिला सरळ खाचेऐवजी फुलीच्या खाचेचा स्क्रू! याने लढाया जिंकत नाहीत मंडळी, कपाटं जोडतात.' त्या दिवसापासून बर्नार्डला बर्नार्ड म्हणालं का कुणी? फुली. फुली चहा घेणार का? फुलीची वर्गणी आली का?

एव्हिस : दफनाच्या दिवशी त्याने ते बोलायला नको होतं, ते मात्र खरं.

थेल्मा : 'आपला फुली गेला. वर तरी त्याला सरळ खाचेचे स्क्रू मिळोत.' शवपेटीवर हात ठेवून. आणि चर्च हसलं.

एव्हिस : मीही हसले थेल्मा. सवयीने.

थेल्मा : माहीत आहे मला. पहिल्याच बाकावर होतीस.

एव्हिस : तुझा कॉलिनवर नाही ना राग? त्याने आपलं तू दिलीस ती बर्नार्डची रायफल विक्रीच्या टेबलावर मांडली. लबाडी नाही केली माझ्या पोराने. 'बनवणाऱ्याने नाव सांगू नको म्हटलंय,' एवढंच म्हणाला.

थेल्मा : आणि तेही खरंच होतं. बर्नार्डने सांगू नको म्हटलंच होतं. बेल्जियमची हे कोण म्हणालं?

एव्हिस : नेव्हिल. हातात घेऊन, वास घेऊन. 'लीएजच्या कारागिराचा हात आहे हा, मला शिकवू नका,' म्हणाला. कॉलिनने तोंड उघडायच्या आत अडतीसशे पौंड टेबलावर.

थेल्मा : सहा हिवाळे बर्नार्ड शेडमध्ये बसला होता ती करत. पाद्र्याच्या अंगणातलं पडलेलं अक्रोडाचं झाड आणलं. सगळे स्क्रू सरळ खाचेचे, हाताने कापलेले. एकच सोडून. तो पट्टीच्या आत, दस्त्यात तेलाची बाटली ठेवतात तिथल्या झाकणाची स्प्रिंग धरणारा. चिमुकला, फुलीचा. लावला त्या दिवशी घरात येऊन दोन वेळा जेवला.

एव्हिस : श्श. येतोय तो.

नेव्हिल : काय बायांनो, तोफखाना सज्ज आहे ना? चहा कडक हवा. मागच्या वर्षीचा मला बोअर युद्धातला वाटला होता.

थेल्मा : या मिस्टर पार्जिटर. ओततेच.

एव्हिस : नेव्हिल, एक विचारू? राग मानू नकोस. उडत नाही, चालत नाही, अशा खोट्या रायफलीला अडतीसशे पौंड? माझी गाडीही तेवढ्याची नाही रे.

नेव्हिल : एव्हिस, खोटी म्हणू नये. प्रतिकृती म्हणावं. नकली दात खोटे असतात. नक्कल केलेलं चित्र हा अभ्यास असतो. लाकडाचा तेल मुरलेला रंग, लोखंडाची काळी झाक, खटक्याचा तो आवाज. यंत्रावर तीनशे पौंडांत निघते ती भिंतीला टांगायची वस्तू. इथे माणसाने वर्षं घातलेली असतात. किंमत वर्षांची असते, बाई. मासिकाच्या मार्चच्या अंकात लिहिलंय मी हिच्यावर.

थेल्मा : वाचलं. दोनदा.

नेव्हिल : आवडलं?

थेल्मा : 'असा हात आपल्या बेटावर पैदा होत नाही,' हे वाक्य विशेष.

नेव्हिल : हं. थेल्मा, ते दार जरा लोटून घे. नाही, एव्हिस, तू थांब. तुझ्या मुलाच्या टेबलावरूनच घेतली मी ती, तेव्हा तूही बघ. या डबीत काय आहे ते.

एव्हिस : पेपरमिंट.

नेव्हिल : खाली. कापसात.

एव्हिस : अगं बाई.

नेव्हिल : जानेवारीत काढला मी हा स्क्रू, पट्टीच्या आतून. आता त्या जागी सरळ खाचेचा आहे, त्रेचाळीसचा, अस्सल. तेव्हा त्या बिस्किटांच्या डब्यात कुणी काही टाकलं असेल तर खुशाल टाकू दे. पट्टी मी स्वतःच काढून दाखवणार आहे. लिंकनशायरमध्ये फुलीचा स्क्रू मिरवणारा एकच माणूस होता, थेल्मा. मी मूर्ख नाही.

थेल्मा : जानेवारीत. आणि लेख मार्चमध्ये आला.

नेव्हिल : तो आधीच छापायला गेला होता.

थेल्मा : दुसरा भाग जूनमध्ये.

नेव्हिल : पहिल्याला पत्रं फार आली होती.

थेल्मा : एक सांगा मला, मी काही तुमच्याइतकी शिकलेली नाही. लाकूड तेच, लोखंड तेच, खटक्याचा आवाज तोच. हा स्क्रू बाहेर आल्यावर तिच्यातलं नक्की काय कमी झालं?

नेव्हिल : उगम गेला. कोणी, कुठे, कोणत्या परंपरेत. लीएजची असेल तर पाच हजार. मागच्या अंगणातल्या शेडमधली असेल तर...

थेल्मा : तर?

नेव्हिल : तर स्तुत्य प्रयत्न.

थेल्मा : वर्षांची किंमत असते म्हणालात आत्ता. सहा होती.

नेव्हिल : हे बघ, मी माणुसकीने सांगतोय. हॅरोगेटवाला घेऊन जाईल, विषय संपेल, तुझ्या नवऱ्याचं काम एका मोठ्या संग्रहात राहील. नाव नसेना का. तुलाही समाधान, मलाही. चहा ओततेस ना?

थेल्मा : ओततेय. एकच काढलात?

नेव्हिल : म्हणजे?

थेल्मा : काही नाही. साखर दोन चमचे ना तुम्हाला?

नेव्हिल : थेल्मा. एकच म्हणजे काय?

थेल्मा : बर्नार्ड पट्टीतला लावताना म्हणाला होता, 'हा नेव्हिलला सापडेल. हुशार माणूस आहे. हा सापडला की तो थांबेल.' एवढंच आठवलं मला. दूध?

नेव्हिल : दुसरा कुठे आहे?

थेल्मा : बाहेर वाट बघतायत तुमची.

नेव्हिल : पूर्ण सोडवून पाहायला दोन दिवस लागतात. त्या माणसाला आज हवीय ती. तो घरी जाऊन पहिल्यांदा काय करेल ठाऊक आहे? तिचा भाग न् भाग सुटा करेल. मग ते त्याच्या मासिकात येईल. फोटोसकट.

थेल्मा : तुमचंही नाव येईल मग. काय म्हणतील हो ते तुम्हाला? मला काही सुचत नाही, तुम्हाला नावं ठेवायची सवय आहे.

नेव्हिल : काय हवंय तुला? पैसे?

थेल्मा : पैसे आलेत की. अडतीसशे. स्वयंपाकघराचं छप्पर केलं त्यात. आता व्यासपीठावर जा आणि ती कुणी बनवली ते सांगा. पूर्ण नाव, बाप्तिस्म्याचं. मग चहाला इकडे या, मी सांगते दुसरा कुठे आहे.

नेव्हिल : पाच हजार पौंड बुडतील माझे.

थेल्मा : स्तुत्य प्रयत्न होईल तो.

(नेव्हिल जातो. चहा तसाच राहतो. एव्हिस कप द्यायच्या खिडकीचं झापड बोटभर उघडते.)

एव्हिस : उभा राहिलाय. रायफल हिरव्या कापडावर. घाम पुसतोय.

थेल्मा : केकचे तुकडे सारखे काप. मागच्या वेळी ओरड झाली होती.

एव्हिस : पट्टी काढली. आत सगळं ठीक आहे. टाळ्या. आता थांबायला हवं ना याने? नाही थांबत. नळीवरचं लाकूड काढतोय. एकेक स्क्रू दिव्यासमोर धरून बघतोय गं. लोकांना वाटतंय भाषणातच आहे हे. क्लबातल्या त्या दंतवैद्याने वही काढली लिहून घ्यायला.

थेल्मा : आणि हॅरोगेटवाला?

एव्हिस : तो चष्मा लावून पुढे वाकलाय. विचारतोय काहीतरी. 'काय शोधताय?' असंच असणार. नेव्हिल इकडे बघतोय. झापड लावू का?

थेल्मा : राहू दे उघडं.

एव्हिस : बोलतोय. म्हणतोय... म्हणतोय, एक गुपित आज फोडतो. पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं म्हणे. दिवंगत मित्राला मानवंदना म्हणून त्याने जगाची परीक्षा घेतली म्हणे. काय निर्लज्ज माणूस आहे.

थेल्मा : ते म्हणू दे त्याला. नाव?

एव्हिस : थांब. बर्नार्ड. बर्नार्ड आर्थर ऑकेंडन. घेतलं, थेल्मा. सगळंच्या सगळं.

थेल्मा : हसलं कुणी?

एव्हिस : नाही. कुणीच नाही. दंतवैद्य उभा राहिलाय. बाकीचेही उठतायत.

थेल्मा : हं.

एव्हिस : हॅरोगेटवाला कोट घालतोय. नाही गं, रायफलीला हात नाही लावला, नुसती टोपी घेतली. गेला. नेव्हिल तसाच उभा आहे, मुठीत स्क्रू घेऊन. रडतेयस का तू?

थेल्मा : किटलीची वाफ आहे.

एव्हिस : निघाला तो. इकडेच येतोय. थेल्मा, शब्द दिलायस, आता सांगून टाक बाई त्याला, दुसरा कुठे आहे ते.

थेल्मा : कुठला दुसरा? कप आण इकडे, त्याचा चहा गार झालाय.